ओसिओला टर्की : पक्षी आहे, रान मिळत नाही

अमेरिकेत रानटी टर्कीच्या मागे जाणाऱ्या शिकाऱ्यांचे एक ठरलेले स्वप्न असते. देशातल्या चार प्रमुख उपजातींचा एकेक नर आयुष्यात कधीतरी मिळवायचा. पूर्वेकडच्या जंगलांतली ईस्टर्न, टेक्सास आणि आसपासच्या माळरानांवरची रिओ ग्रांडे, पश्चिमेकडच्या डोंगरांतली मेरियम्स आणि फ्लोरिडातली ओसिओला. या चौकडीला ते 'ग्रँड स्लॅम' म्हणतात. पहिल्या तिन्ही उपजाती अनेक राज्यांत पसरलेल्या आहेत, त्यामुळे एका ठिकाणी जमले नाही तर दुसरीकडे प्रयत्न करता येतो. चौथी साऱ्या जगात फक्त फ्लोरिडाच्या द्वीपकल्पात राहते, आणि बहुतेकांचे गाडे तिथेच अडते.

हा पक्षी दुर्मीळ आहे असे मात्र नाही. ओसिओलांची संख्या साधारण ८० हजार ते एक लाख मानली जाते. मार्च महिन्यात मध्य फ्लोरिडातल्या कुरणांजवळून गाडीने गेलात, तर कुंपणापलीकडे पिसारा फुलवून उभा असलेला नर रस्त्यावरूनही दिसू शकतो. अडचण त्या कुंपणाची आहे. राज्याच्या या भागातल्या रानाचा मोठा हिस्सा खासगी आहे, सरकारी रानात शिरायला ठिकठिकाणी सोडतीत नंबर लागावा लागतो, आणि चौकडी पुरी करायला देशभरातून येणारे शिकारी याच एवढ्याशा पट्ट्यात दाटी करतात. म्हणून ओसिओलाच्या शिकारीत नेमबाजीच्या आधी प्रवेश कसा मिळवायचा हे शिकावे लागते. ते काम कसे चालते, हे इथे क्रमाने पाहू.

पक्ष्याची ओळख

पक्षीशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. डी. स्कॉट यांनी १८९० मध्ये या उपजातीचे वर्णन केले आणि फ्लोरिडातल्या मूलनिवासी सेमिनोल लोकांचा लढवय्या नेता ओसिओला याचे नाव तिला दिले. ओसिओलाला १८३७ मध्ये अमेरिकी सैन्याने तहाच्या बोलणीसाठी पांढरे निशाण दाखवून बोलावले आणि कैद केले. पुढच्याच वर्षी तो कैदेत वारला. ज्या पाणथळ रानाच्या आसऱ्याने त्याचे लोक बलाढ्य सैन्याशी झुंजले, त्याच रानात हा पक्षी राहतो.

ईस्टर्न टर्कीपेक्षा ओसिओला अंगाने थोडा लहान, रंगाने गडद आणि पायाने लांब असतो. खरी खूण पंखात सापडते. ईस्टर्नच्या पंखावर काळे-पांढरे पट्टे जवळपास सारख्या रुंदीचे असतात. ओसिओलाच्या पंखावर काळा रंग वरचढ आणि पांढरे पट्टे बारीक, तुटक, वेडेवाकडे असतात. नराच्या पायामागचे काटे लांब आणि अणकुचीदार असतात, आणि जाणकार शिकारी त्यांच्या लांबीवरून नराच्या वयाचा अंदाज बांधतात.

आपल्याकडच्या कुक्कुटपालन केंद्रांत दिसणारी टर्की वेगळी. ती मेक्सिकोतल्या एका उपजातीची माणसाळलेली वंशज आहे. स्पॅनिश लोकांनी ती युरोपात नेली आणि पोर्तुगिजांच्या गोव्यातून ती मुघल दरबारापर्यंत पोहोचली. १६१२ मध्ये मुकर्रब खानाने गोव्याहून आणलेला नर पाहून जहांगीर इतका चकित झाला, की त्याने उस्ताद मन्सूरकडून त्याचे चित्र काढवून घेतले. ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. माणसाच्या अंगणात मिळेल ते टिपणारा तो पक्षी आणि फ्लोरिडाच्या दलदलीत पान हलले तरी नाहीसा होणारा ओसिओला यांच्या स्वभावात जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

आधी नकाशा

फ्लोरिडाच्या उत्तर भागात ईस्टर्न आणि ओसिओला यांचा संकर होतो, आणि तिथला पक्षी नेमका कोणता हे पिसांवरून सांगणे अवघड जाते. म्हणून राष्ट्रीय वन्य टर्की महासंघाने आपल्या नोंदवहीसाठी एक रेषा ठरवली आहे. डिक्सी, गिलख्रिस्ट, अलाचुआ, युनियन, ब्रॅडफर्ड, क्ले आणि डुव्हाल या काउंट्यांत किंवा त्यांच्या दक्षिणेला मिळालेला पक्षीच ओसिओला म्हणून नोंदला जातो. जागा शोधायला सुरुवात करण्यापूर्वी ही रेषा नकाशावर आखून घ्यावी. उत्तरेकडच्या सरहद्दीवर स्वस्तात मिळालेली जागा काही मैलांनी रेषेबाहेर निघाली, तर चौकडीच्या दृष्टीने सारा खटाटोप वाया जातो.

दुसरी रेषा हंगामाची. ब्रॅडेंटनपासून फोर्ट पियर्सपर्यंत राज्याला आडवा छेदणारा स्टेट रोड ७० ही ती सीमा. त्याच्या दक्षिणेला वसंतातला हंगाम मार्चच्या पहिल्या शनिवारी उघडतो, उत्तरेला तिसऱ्या शनिवारी. दोन्हीकडे तो साधारण पाच आठवडे चालतो. दक्षिणेचा हंगाम देशातल्या सर्वांत आधी सुरू होणाऱ्या हंगामांपैकी आहे, त्यामुळे इतर राज्ये अजून थंडीत असताना शिकाऱ्यांचा पहिला लोंढा इथे येतो. पहिला आठवडा टाळून उशिरा येण्याची तयारी असेल, तर खासगी जागेचे बोलणेही सोपे जाते आणि सरकारी रानातली गर्दीही ओसरलेली असते. तोवर माद्या अंड्यांवर बसू लागतात, एकटे पडलेले नर सकाळ चढल्यावरही साद देत फिरतात.

वसंतात दाढीवाला, म्हणजे छातीवर केसाळ झुपका असलेला, पक्षी किंवा नरच मारता येतो, आणि यामागे साधे जीवशास्त्र आहे. एक नर अनेक माद्यांशी जोडी जमवतो आणि पिलांचे संगोपन मादी एकटी करते. त्यामुळे विणीच्या काळात मोजके नर कमी झाले तरी पुढच्या पिढीला धक्का बसत नाही. संपूर्ण हंगामात दोन पक्ष्यांची मर्यादा आहे. रातथाऱ्यावर, म्हणजे रात्री विसाव्याला झाडावर बसलेल्या टर्कीवर गोळी झाडायला बंदी आहे. ध्वनिमुद्रित आवाज लावून पक्षी बोलावता येत नाही. दाणे टाकलेल्या खाद्यकेंद्रापासून १०० यार्डांच्या आत टर्की मारता येत नाही.

पहिले दार : सरकारी रान

फ्लोरिडाच्या मत्स्य व वन्यजीव संरक्षण आयोगाच्या देखरेखीखाली सुमारे ६० लाख एकरांची वन्यजीव व्यवस्थापन क्षेत्रे आहेत. ग्रीन स्वॅम्प, थ्री लेक्स, बुल क्रीक, ट्रिपल एन रँच, रिचलोम, फिशईटिंग क्रीक, बिग सायप्रस ही ओसिओलासाठी प्रसिद्ध नावे. यांतल्या बऱ्याच क्षेत्रांत ठरावीक दिवसांसाठी ठरावीक माणसांनाच प्रवेश मिळतो. परवाने म्हाडाच्या घरांसारखे सोडतीने वाटले जातात.

सोडतीचे मुख्य प्रकार दोन. पहिला साधा कोटा. त्याचा अर्ज आदल्या हिवाळ्यात आयोगाच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर करायचा असतो. नंबर लागला नाही तर एक 'प्रेफरन्स पॉइंट' खात्यात जमा होतो आणि पुढच्या वर्षी संधी वाढते. दुसरा प्रकार 'स्पेशल ऑपॉर्च्युनिटी' शिकारींचा. तिथे मोठ्या क्षेत्रात अगदी थोडी माणसे सोडतात. प्रत्येक अर्जाला परत न मिळणारे पाच डॉलर पडतात, एकाहून अधिक अर्ज करता येतात, आणि निवड झाल्यावर परवान्याचे पैसे वेगळे भरावे लागतात. ज्याला खासगी जागा परवडत नाही, त्याच्यासाठी हा सर्वांत चांगला रस्ता आहे, कारण खासगी जागेसारखी निवांत शिकार इथे सामान्य माणसाच्या आवाक्यात येते.

सोडतीत नाव आले नाही म्हणून वर्ष फुकट गेले असे समजू नये. आणखी तीन वाटा उरतात. पहिली वाट परत आलेल्या परवान्यांची. ज्यांना जायला जमत नाही ते परवाना परत करतात आणि आयोग ते पुन्हा वाटतो. हंगामाच्या तोंडावर रोज लक्ष ठेवणाऱ्याला ते मिळतात. दुसरी वाट पाहुण्याच्या परवान्याची. अनेक कोटा-शिकारींत परवानाधारकाला सोबत एक पाहुणा नेता येतो, त्यामुळे दोन मित्रांनी वेगवेगळे अर्ज केले की दोघांचीही शक्यता वाढते. तिसरी वाट उशिराच्या दिवसांची. काही क्षेत्रांत कोटा फक्त सुरुवातीच्या दिवसांपुरता असतो आणि पुढे साध्या परवान्यावर कुणालाही जाता येते. कोणत्या क्षेत्रात कोणता नियम आहे, हे त्या क्षेत्राच्या माहितीपत्रकात छापलेले असते. हे पत्रक दर वर्षी नव्याने वाचावे. तारखा, दारे, कुठली वाहने चालतात, सारे बदलत राहते.

खर्चाचा हिशेबही इथेच करू. राज्याबाहेरच्या माणसाला दहा दिवसांचा शिकार परवाना ४६.५० डॉलर, टर्कीचा परवाना १२५ डॉलर आणि व्यवस्थापन क्षेत्राचा परवाना २६.५० डॉलर, म्हणजे एकूण १९८ डॉलर लागतात. वर किरकोळ हाताळणी शुल्क. ज्यांचा जन्म १ जून १९७५ रोजी किंवा त्यानंतर झाला आहे, त्यांना शिकार-सुरक्षेचा अभ्यासक्रम पूर्ण केल्याचा दाखलाही लागतो. तो आधीच करून ठेवावा, आयत्या वेळी त्यासाठी वेळ मिळत नाही.

सरकारी रानात पक्ष्यापेक्षा माणसांचा अभ्यास जास्त करावा लागतो. गाडी जिथे थांबते तिथून पहिल्या अर्ध्या मैलात सगळे असतात. त्यापुढे पाणी लागते, झुडपी ताडाची दाट जाळी लागते, आणि माणसे मागे फिरतात. सायकल चालत असेल तिथे सायकल, पाणी असेल तिथे कायाक किंवा कमरेपर्यंतचे रबरी बूट, आणि पहाटेच्या कितीतरी आधी निघण्याची तयारी या गोष्टी इथे कामाला येतात. हंगामापूर्वी एकदा तरी नुसते कान देऊन फिरून यावे. ओसिओला बहुधा पाण्यात उभ्या असलेल्या सायप्रसच्या झाडांवर रात्र काढतो आणि उजाडल्यावर उघड्यावर उतरतो. वनखात्याने मुद्दाम लावलेल्या वणव्यानंतर कोवळे गवत फुटलेली पाइनची राने त्याला फार आवडतात. सायप्रसची बेटे आणि ताजी जळीत जागा नकाशावर एकमेकांशेजारी दिसल्या, की तिथे खूण करावी. या क्षेत्रांत वसंतातली शिकार दुपारी एक वाजता थांबते, हे घड्याळात पक्के बसवून घ्यावे.

दुसरे दार : खासगी कुरण

मध्य आणि दक्षिण फ्लोरिडा हा मुळात गुरे पाळणाऱ्यांचा मुलूख आहे. इथल्या रँच हजारो एकरांच्या, काही तर लाखो एकरांच्या आहेत. कुरण, मध्ये ओकची दाट राई, कडेला सायप्रसची दलदल, अशी ही रचना टर्कीला घर म्हणून अगदी योग्य. पण यातल्या मोठ्या जागा बहुधा आधीच शिकारी मंडळांना वार्षिक भाडेपट्ट्याने दिलेल्या असतात. नवख्याने शोध घ्यावा तो मधल्या आकाराच्या जागांचा, जिथे मालक स्वतः राहतो आणि स्वतः निर्णय घेतो.

मालक कोण हे शोधणे अवघड नाही. प्रत्येक काउंटीच्या मालमत्ता मूल्यांकन कार्यालयाचे नकाशे सर्वांसाठी खुले असतात आणि कोणता तुकडा कोणाच्या नावावर आहे ते त्यात दिसते. अवघड असते ते पुढचे, दारात जाऊन उभे राहणे. त्याची काही रीत आहे. हंगामाच्या कितीतरी आधी, शक्यतो उन्हाळ्यात किंवा शरदात जावे. मार्चमध्ये मालकाच्या दाराशी रोज कुणीतरी उभे असते. दिवसाउजेडी, साध्या कपड्यांत, बंदूक घरी ठेवून, एकट्याने किंवा मुलाला सोबत घेऊन जावे. आपण कोण, कुठले, किती दिवस येऊ इच्छितो, सोबत कोण असेल, हे थोडक्यात सांगावे. नकार आला तर आभार मानून निघावे. आज नाही म्हणणारा माणूस पुढच्या वर्षी तुमचा चेहरा लक्षात ठेवतो.

एक वाट मला सर्वांत प्रामाणिक वाटते : टर्की मागू नका, रानडुकरे मागा. फ्लोरिडात रानडुकरांनी कुरणांची नासधूस चालवली आहे. एका रात्रीत ती गवताची जमीन नांगरल्यासारखी उकरून ठेवतात. खासगी जमिनीवर मालकाच्या परवानगीने त्यांची शिकार वर्षभर चालते आणि तिला शिकार परवानाही लागत नाही. जो माणूस ऑगस्टच्या उकाड्यात, डासांच्या गराड्यात येऊन डुकरे कमी करून देतो, मोडलेली कुंपणाची तार बांधतो, दार जसे होते तसे बंद करून जातो, त्याला मार्चमध्ये एक सकाळ द्यायला मालकाला जड जात नाही. या वाटेत मालकाची खरी गरज भागते, म्हणून तिच्यातून जुळलेले नाते टिकते.

मालकाच्या मनात एक भीती असते, ती समजून घ्यायला हवी. कुणी पाय मोडून घेतला आणि खटला भरला तर? फ्लोरिडाच्या कायद्यात याची सोय आहे. मोबदला न घेता मनोरंजनासाठी जमीन खुली करणाऱ्या मालकाची जबाबदारी कलम ३७५.२५१ ने मर्यादित केली आहे. पैसे घेतले की हे संरक्षण तसे राहत नाही, म्हणून भाडे घेणारे मालक विम्याची अट घालतात. होकार मिळाला की तो लेखी घ्यावा, त्यात तारखा आणि हद्दी लिहाव्यात. शस्त्र घेऊन दुसऱ्याच्या जमिनीत विनापरवाना शिरणे फ्लोरिडात गंभीर फौजदारी गुन्हा आहे. जखमी पक्षी शेजाऱ्याच्या बांधापलीकडे गेला, तरी आधी शेजाऱ्याला विचारावे लागते.

अदलाबदल ही आणखी एक जुनी पद्धत. तुमची नेब्रास्कात मेरियम्स टर्कीच्या रानाशी ओळख असेल, तर फ्लोरिडातल्या शिकाऱ्याला तेच हवे असते. तो तुमच्याकडे मेमध्ये येतो, तुम्ही त्याच्याकडे मार्चमध्ये. पैशांची देवघेव न होता दोघांनाही बंद दारे उघडी होतात.

तिसरे दार : पैसे देऊन

वाटाड्या घेऊन केलेल्या ओसिओलाच्या शिकारीला सहसा काही हजार डॉलर लागतात. ज्याच्याकडे वेळ थोडा आहे त्याला हा मार्ग घ्यावा लागतो, आणि त्यात गैर काही नाही. पण आगाऊ रक्कम पाठवण्यापूर्वी काही प्रश्न स्पष्ट विचारावेत. जागा नेमक्या कोणत्या काउंटीत आहे? किती एकरांमागे एक शिकारी सोडता आणि एका जागेवर दर हंगामात किती पक्षी घेता? पक्षी जखमी होऊन निसटला तर शिकार झाली असे धरता का? खाद्यकेंद्र कुठे आहे आणि लपण त्यापासून किती दूर? मागच्या हंगामात येऊन गेलेल्या दोघा-तिघांशी बोलता येईल का? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. शंभर टक्के यशाची हमी देणाऱ्यापेक्षा, रिकाम्या हाती परतलेल्या पाहुण्याशीही बोलायला लावणारा वाटाड्या भरवशाचा.

मराठी वाचकासाठी दोन गोष्टी

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आणली, आणि आपल्या जंगलांची तेव्हाची अवस्था पाहता ती आणणे आवश्यक होते. अमेरिकेने वेगळा रस्ता धरला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथेही बेसुमार शिकार आणि जंगलतोड यांनी टर्की संपत आली होती. मग बाजारासाठी शिकार बंद झाली, हंगाम आणि मर्यादा ठरल्या, आणि १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका व काडतुसांवरच्या कराचा पैसा राज्यांच्या वन्यजीव कामाकडे वळवला. उरलेल्या रानांतून पक्षी जाळ्यांनी पकडून रिकाम्या रानांत सोडले गेले. फ्लोरिडात या कामासाठी फिशईटिंग क्रीकच्या रानातले पक्षी फार उपयोगी पडले. आज त्याच रानात सोडतीने परवाना मिळालेला शिकारी जातो, आणि त्याच्या काडतुसावरचा कर पुन्हा रानाकडे येतो.

दुसरी गोष्ट व्यवहाराची. ऑरलँडो-टॅम्पा परिसरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांतल्या कुणाला या वाटेने जायचे असेल, आणि तो एच-१बी सारख्या व्हिसावर असेल, तर संघराज्याच्या कायद्याने त्याला एरवी बंदूक बाळगता येत नाही. वैध शिकार परवाना हाती असणे हा त्यातला एक अपवाद आहे. म्हणून आधी सुरक्षेचा अभ्यासक्रम, मग परवाना, मग वकिलाशी एकदा बोलणे, आणि त्यानंतरच मित्राची बंदूकसुद्धा हातात घेणे, हा क्रम मोडू नये.

दार उघडल्यावर

प्रवेश मिळाला की तो टिकवायचा असतो. आदल्या संध्याकाळी लांबून ऐकावे. घुबडाची हाक दिली की झाडावर चढलेला नर चिडून साद देतो आणि रातथारा कळतो. पहाटे अंधारात त्याच्यापासून अदबीने दूर बसावे, पाठ रुंद खोडाला टेकवून. अंगावर लाल, पांढरे, निळे काही नसावे, कारण नराच्या डोक्याचे रंग तेच असतात आणि चुकीची गोळी त्यातूनच सुटते. टर्कीच्या आवाजाच्या दिशेने सरपटत कधीही जाऊ नये, तो आवाज दुसऱ्या शिकाऱ्याचा असू शकतो. बसण्याआधी जागा काठीने चाचपावी, झुडपी ताडाखाली डायमंडबॅक हा विषारी साप असतो. शिकार झालीच, तर पक्षी जागेवरून हलवण्यापूर्वी नोंद करावी आणि २४ तासांत आयोगाला कळवावी. या नोंदींवरूनच पुढच्या वर्षीचे कोटे ठरवायला मदत होते.

मालकाच्या रानात गेला असाल तर हंगाम संपल्यावर पुन्हा जावे. साफ केलेल्या मांसाचा वाटा द्यावा, काय पाहिले ते सांगावे, कुंपणाला काही काम असेल तर विचारावे.

या सगळ्यापेक्षा मोठा प्रश्न जमिनीचा आहे. फ्लोरिडात माणसांची वस्ती वेगाने वाढते आहे आणि जुन्या रँच घरबांधणीसाठी विकल्या जात आहेत. एकदा कुरणावर वसाहत उभी राहिली की तिथे सोडतही उरत नाही, भाडेपट्टाही नाही आणि पक्षीही नाही. २०२१ मध्ये राज्याने फ्लोरिडा वन्यजीव कॉरिडॉर कायदा केला, त्यातून रँच-मालकांकडून विकासाचे हक्क विकत घेऊन जमीन गुरांसाठी आणि वन्यजीवांसाठी कायम ठेवण्याच्या कामाला बळ मिळाले. मालक जमिनीवरच राहतो, गुरे चरत राहतात, टर्की सायप्रसवर बसत राहते. ओसिओलाच्या मागे येणाऱ्या प्रत्येकाने परवाना आणि विमानाचे तिकीट यांच्या खर्चाबरोबर या कामासाठीही काही वेळ आणि पैसा बाजूला काढावा, असे मला मनापासून वाटते. दारे कशी उघडायची हे शिकता येते. ज्या रानाची ती दारे आहेत, ते रान मात्र सगळ्यांनी मिळूनच राखावे लागेल.